आजोबांची बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. माझे निळे कापड उन्हाने विटले आहे, एका दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि पुढचे डावे चाक चालताना कुरकुरते. मित्रांनो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला पाहून 'अरेरे' म्हणायला नको. मला 'अरेरे' आवडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवणाऱ्या यंत्राने मला हातपाय दिले, शिवणाऱ्या बायकांनी अंगावर कापड चढवले. मग तपासनीस आला. त्याने माझ्यात वाळूची पिशवी ठेवली आणि मला खडबडीत फळीवरून गडगडत नेले. मी थरथरले, पण मोडले नाही. त्याने माझ्या दांड्यावर शिक्का मारला. तो शिक्का आता पुसला आहे, पण मी अजून तीच आहे.

ज्या घरात मी आले तिथे एक मुलगी नुकतीच जन्मली होती. एवढीशी होती म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. शेजारीपाजारी तिला पाहायला यायचे आणि मलाही पाहून जायचे. "काय झोकदार गाडी आहे हो!" असे म्हणायचे. मग मुंगी चालायला लागली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर ओले फडके वाळत पडू लागले, फुटकी बादली येऊन बसली. एक कबुतर तर हक्काने माझ्यात काड्या जमवू लागले. मी वाट पाहत बसले. रडले नाही.

पुढे मुंगीला भाऊ झाला. तो इतका गुबगुबीत होता की त्याचे नाव आपोआपच भोपळ्या पडले. आईने मला खसाखसा धुतले आणि मी पुन्हा कामाला लागले.

भोपळ्या जेमतेम बसू लागला होता तेव्हा सुट्टी लागली. आईने माहेरी जायचे ठरवले. तिथे आजोबा होते, मामा होते, मामी होत्या.

"हे धूड कशाला न्यायचं?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"नको नेऊया," आई म्हणाली. "भोपळ्याला तू घे कडेवर."

बाबांनी भोपळ्याकडे एकवार नीट पाहिले. मग मुकाट्याने माझी घडी घातली.

बसमध्ये मला खालच्या सामानाच्या कप्प्यात कोंबले. वरचे सगळे मला ऐकू येत होते. पहिल्याच वळणापासून मुंगी "आलं का? आलं का?" विचारत होती. मग तिला गाडी लागली आणि पोटातले सगळे बाबांच्या शर्टावर आले. भोपळ्याने पुढच्या बाईंचा अंबाडा दोन्ही हातांनी धरला आणि भोकाड पसरले.

"पोरं सांभाळता येत नाहीत तर निघायचं कशाला घराबाहेर?" एक गृहस्थ करवादले.

"आजोबांना भेटायला," आई म्हणाली. "आणि ओरडणारच ती. तुम्ही नाही का आत्ता ओरडलात?"

सगळी बस हसली. मीही हसले असते, पण तेवढ्यात बसने गचका खाल्ला आणि कुणाची तरी लोखंडी पेटी माझ्यावर कोसळली. माझे डावे चाक वाकले ते तेव्हा.

पुढे रस्ता खणून ठेवला होता. बसने आम्हाला लांबच उतरवले. माझ्यात भोपळ्या, दांड्याला दोन पिशव्या, खालच्या जाळीत बाबांचा तो शर्ट, आणि थोड्या वेळाने भोपळ्याच्या पुढ्यात मुंगीही. खड्ड्यांतून, खडीतून मी निघाले. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. चाकातून मात्र काढला.

दारात मामा उभे होते. त्यांनी भाच्यांना उचलून घेतले आणि मला पाहून म्हणाले, "हे भंगार कुठून उचललंस? राहू दे बाहेरच."

मी ओसरीवर राहिले. तिथून आजोबांची खोली दिसायची. आजोबा आयुष्यभर बस चालवत आले होते. काही महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा डावा पाय लुळा पडला. डॉक्टरांनी सांगितले होते, रोज थोडे चाला. मामांनी धरून चालायची चार पायांची चौकट आणली. आजोबांनी ती कपाटामागे ढकलली. "पिंजरा आहे तो," ते म्हणाले. "मी काय पोपट आहे?" तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खाटेवरच असत. मामी तिथेच ताट आणून देत.

एका दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते. भोपळ्या माझ्यात झोपला होता, तो जागा झाला आणि रडू लागला. कुणी येईना. मग मला खाट करकरल्याचा आवाज आला. भिंतीला धरत, पाय ओढत आजोबा ओसरीवर आले. त्यांनी माझा दांडा धरला आणि मला मागेपुढे हलवले. भोपळ्या गप्प झाला. आजोबांनी एक पाऊल टाकले. मग दुसरे.

"डावीकडे ओढतेस का गं?" ते मला म्हणाले. "मीही तसलाच."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोलले नव्हते.

तेवढ्यात मामा धावत आले. "अण्णा! सोडा ती! पोराला पाडाल!"

"हजारो माणसं सुखरूप पोचवली मी," आजोबा गरजले. "एक नातू नाही नेता येणार मला?"

मामांनी भोपळ्याला उचलले, आजोबांना खाटेवर नेऊन बसवले आणि मला मागच्या खोलीत ढकलून कडी लावली. खरे सांगायचे तर मामांची भीती खोटी नव्हती. आजोबांनी दांड्यावर सगळा भार टाकला असता तर मी मागे उलटले असते. पण खरी भीती एवढीच असती तर त्यांनी फक्त भोपळ्याला उचलले असते. आजोबांना परत खाटेवर नेऊन का बसवले? त्या संध्याकाळी आजोबा जेवले नाहीत, असे मामींचे बोलणे मला दाराआडून ऐकू आले. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सकाळी आईने कडी काढली.

"दादा, तू त्यांना जपायचं म्हणून झोपवून ठेवलंयस," ती म्हणाली.

"तू सुट्टीपुरती येतेस," मामांचा आवाज चिरकला. "पडले तर उचलणारा मी आहे. दवाखान्यात बाकावर रात्री काढल्या त्या मी. तू नव्हतीस."

आईने मला दांड्याला धरून ओसरीवर ओढले. मग हळूच म्हणाली, "नव्हते. म्हणून आज तू मागे उभा राहा. पोर नाही ठेवत मी यात."

मी उलटू नये म्हणून तिने माझ्यात बटाट्यांचे पोते ठेवले. मुंगीने त्याला भोपळ्याचे टोपडे घातले. आजोबांनी ते पाहिले आणि कित्येक दिवसांनी त्यांना हसू फुटले. ते उठले. मामा दोन्ही हात पसरून मागे निघाले, एखाद्या कोंबडीमागे निघावे तसे. आम्ही अंगणाच्या टोकापर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. मग गल्लीत.

गल्लीत एकदा आजोबा पडलेच. गुडघा फुटला. मामी ओरडल्या, आईचा चेहरा पांढरा पडला. मामा खाली बसले आणि त्यांनी आजोबांना उठवले.

आजोबांनी धूळ झटकली. "पडलो," ते म्हणाले. "बघितलंत सगळ्यांनी? मेलो नाही. आण ती गाडी इकडे."

आणि मित्रांनो, गाडी आणून दिली ती मामांनी.

सुट्टी संपली तेव्हा आईने मला तिथेच ठेवले. आजोबांनी माझे चाक बरेचसे सरळ केले आहे. थोडे वाकडे मुद्दाम ठेवले, म्हणतात ओळख राहू दे. बटाट्यांच्या जागी आता दोन विटा आहेत, आणि येताना वर भाजी. रोज सकाळी आम्ही बाजाराला जातो. टवाळ पोरे विचारतात, "आजोबा, बाळ कुठंय?"

"गाडी कोण धरून चालतंय? मीच बाळ!" आजोबा ओरडतात आणि पुढे निघतात. मी आणखी जोरात कुरकुरते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण जपायचे म्हणून कोपऱ्यात ठेवू नका, वर चादर घालू नका. आमचे चाक वाकले तर ठोकून सरळ करा, कापड फाटले तर टाका घाला आणि आम्हाला रस्त्यावर काढा. माणसांनाही तेवढेच लागते. थोडा धरायला दांडा, आणि मागे कुणीतरी हात पसरून.

आता पुरे. आजोबा चपला घालताहेत. बाजूला व्हा, आम्हाला जायचे आहे.