वरच्या मजल्यावरचं यंत्र

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. हाडांचे डॉक्टर भिंतीला टेकून, दारात, मिळेल तिथे उभे होते आणि व्यासपीठावरचे यंत्रवाले डॉक्टर पडद्यावर एकेक रुग्ण दाखवत होते. मोडक्या घोट्याने आलेला माणूस यंत्रासमोर बसतो काय, आणि बघता बघता चालायला लागतो काय!

"मी काहीच करत नाही," ते हात जोडून सांगत होते. "यंत्रातून निघणाऱ्या लहरी हाडाशी बोलतात. हाड ऐकतं!"

टाळ्या पडत होत्या, सगळ्यात जोरात माझ्या.

मी कोण? घोट्याच्या उपचारांवरचे अभ्यास कितपत भरवशाचे आहेत, हे तपासून त्यांना गुण देणाऱ्या समितीतला डॉक्टर. गंडेदोरे बांधून येणाऱ्या रुग्णांची मी चांगली हजेरी घेतो. यंत्रवाल्यांचा अभ्यासही माझ्याकडेच तपासायला आला होता. त्यात यंत्र कोणाला आणि नुसतं प्लास्टर कोणाला, हे कसं ठरवलं, या प्रश्नापुढे 'सोयीनुसार' एवढंच लिहिलं होतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाची सोय योग्यच असणार. दिले पैकीच्या पैकी गुण!

मग माझी थोरली बहीण बाथरूममध्ये घसरली. घोट्याची हाडं मोडून सरकली. आमच्या सर्जनने लगेच ऑपरेशन सांगितलं, पण मी दीडशहाणा आडवा आलो आणि तिला गाडीत घालून यंत्रवाल्यांकडे नेलं.

यंत्र होतं वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, लिफ्ट नाही.

"वर येता येईल ना?" यंत्रवाल्यांनी विचारलं.

"पाय टेकवत नाही हो," ताई कळवळून म्हणाली.

"मग तुम्हाला इथे खालीच प्लास्टर घालू. जिना चढतील त्यांनाच यंत्र. पहिल्यापासून हीच सोय आहे."

ताईने जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. तशा दुखण्यातही तिने मान वर केली.

"म्हणजे ज्यांचं किरकोळ मोडलंय ते वर, आणि माझ्यासारखे खाली? अहो, वर नुसती खुर्ची ठेवली असती तरी तेच लोक आधी चालले असते!"

"पण बाई, लहरी..."

"लहरी राहू द्या." ती माझ्याकडे वळली. "तू तपासला होतास ना हा अभ्यास?"

मी ताईला परत गाडीत घातलं आणि आमच्या सर्जनकडे निघालो.

यंत्राचं गुपित एवढंच होतं. चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटले असते, तर हा चमत्कार पहिल्याच दिवशी आटोपला असता. मी समितीला कळवून दिलेले गुण मागे घेतले. पण या धावपळीत ताईचा पाय टम्म सुजला आणि सूज उतरेपर्यंत ऑपरेशन लांबलं.

म्हणून हात जोडून सांगतो, बरे झालेले रुग्ण कोणी दाखवले, तर ते कसे निवडले हे आधी विचारा. दाखवणारा डॉक्टर असला तरी विचारा. तपासणारा माझ्यासारखा असला तर दोनदा विचारा.

ताई आता चालते, पण जराशी लंगडते. ते माझ्यामुळेच, असं मी म्हणालो की ती मला गप्प करते.

"एका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये रे. एवढं तरी शीक."