फोटूतलं कमरंइतकं पानी

बसा साहेब, बूट नका काढू. तुम्हाला पल्याड न्यायला माझ्यापाशी साधन न्हाई. येवढी ढेकळं तुडवत आलात, तवा काहून न्हाई ते सांगतो. पानी प्या, ऐका. मंग तुमच्याकडं एक काम हाय.

हितं पूर्णा नदीला मी कढई चालवायचो. गुऱ्हाळातली, गूळ आटवायची, लोखंडी. चार मानसं मावायची. दोन्हीकडून दोर. अल्याडचा माझ्या हातात, पल्याडचा गोरक्षनाथाच्या. तो धनगर, मेंढरं राखायचा तिकडं. मी ढील द्यायचो, तो वढायचा. कढईला ना तोंड ना शेपूट, मधात गेली की गरागरा फिरायची. मोठमोठे शिकलेले लोक डोळे मिटून एकमेकाला धरायचे. तवा गोरक्षनाथ पल्याडून वरडायचा, "तात्या, गूळ झाला का रं?"

पाठीवर पिशव्या बांधून डोंगर चढनारी पोरंपोरी यायची. टेंभुर्णीला उतरायची अन पल्याडच्या त्या टेकडीवरली पडकी गढी पाह्यला चालत निघायची. पुलावरून लई वळसा पडतो ना. एकदा संभाजीनगरची पायल म्हनून पोरगी आल्ती. गुनाची. तिनं आमचा फोटू काढला अन मोबाइलातल्या नकाशात टाकला, वर लिव्हलं 'तातेराव काकांची कढई'. शिवकन्या, आमची मालकीन, म्हनली, सरपंचाचं नाव न्हाई नकाशात अन तुमचं आलं, आता पाय जमिनीवर ठिवा. मंग काय, दर ऐतवारी गर्दी. तिचं पिठलं पुरंना.

मागच्या पावसाळ्यात वरच्या धरनाचं पानी सुटलं अन कढई दोरासकट गेली. आजवर पत्ता न्हाई. सरकारी मानसं आली, बंद म्हनून पाटी ठोकली. बराबर केलं. खड्डा खांदू लागलो मीच.

पन लोक थांबतेत का? पाटीजवळ उभं राहून फोटू काढतेत, अन मलाच मोबाइल दावतेत. काका, इथं तर चालू दाखवतंय. मी म्हनतो, बाबा, त्या फोटूत बी मीच हाय, तुझ्या म्होरं बी मीच हाय, कोनाचं ऐकतू? ते फोटूचं ऐकतेत.

अन फोटूत गोरक्षनाथ कढई धरून पान्यात उभा हाय. कमरंइतक्या. लोकाला वाटतं, नदी येवढीच. आवो, तो खडकावर उभा हाय. दोन्ही काठाला पान्याखाली खडकाची फळी हाय. तिच्या कडंवरून एक पाय म्होरं टाकला की खोल डव्ह. माझ्या हातातला हा बांबू आख्खा बुडतो तिथं. फोटूत पानी सगळीकडं सारखंच दिसतं.

थंडीत सुमित नावाचा पोरगा आल्ता, बायकोला घिऊन. रूपाली तिचं नाव. लगीन नवंच. म्या सगळं सांगितलं, खडक, डव्ह, बिलकुल सगळं. पल्याडून गोरक्षनाथ टावेल हालवून राह्यलता, येऊ नका म्हनून. पोराला वाटलं बोलवून राह्यला. म्या त्याचं मनगट धरलं. त्यानं हळूच सोडवलं, मान राखून.

"काका, बघतो जरा. कमरेच्या वर गेलं की माघारी येतो."

कमरंच्या वर गेलंच न्हाई पानी. गेलं ते एकदम डोक्यावरून.

मला पवता येतं. पन त्या डव्हात भवरा हाय, गेलेला वर येत न्हाई. मी फळीच्या कडंला जाऊन बांबू म्होरं धरला. धरून राह्यलो. बांबूला काईच लागलं न्हाई. गोरक्षनाथ पल्याडच्या काठानं खाली पळत गेला. मागून येऊन रूपालीनं माझा सदरा धरला.

"काका, तुमची कढई काढा ना."

पाटी वाचलेली तिनं. तरी म्हनली. मी काय काढू, साहेब?

दुसऱ्या दिवशी मासेवाल्यांला सापडला, खालच्या बाभळीत.

पायलला फोन लावला. लई रडली. तिनं तिचा फोटू नकाशातून काढून टाकला, नकाशावाल्यांला बंद करा म्हनून कळवलं. पन तवर दुसऱ्यांनी टाकलेले फोटू तिथं हायेतच, अन सगळ्यात गोरक्षनाथ तसाच उभा. ती म्हनती, काका, ते माझ्या हातात न्हाई. नकाशावाल्याचं हापीस कुठं हाय म्हनलं, मी सोता जातो. कोनालाच म्हाईत न्हाई. गोरक्षनाथ तर मेंढरं घिऊन वाटूरकडं गेला, या पान्याकडं पाहत बी न्हाई.

उद्या ऐतवार. मी पहाटंच येऊन बसनार. एकाला आडवतो तवर दुसरा त्या अंगानं उतरतो. म्हातारा येडा झाला म्हनतेत.

तर साहेब, तुमच्या मोबाइलात फोटू बरा येत असंल. मी फळीच्या कडंला उभा राहतो अन बांबू डव्हात घालतो. अर्धा गेला की एक काढा, सगळा गेला की एक. अन त्या नकाशात टाका, गोरक्षनाथाच्या फोटूच्या वर. ऊन हाय तवर, जल्दी उठा.