एका विमानातले दोघे

माझा भाऊ मुख्तार आणि देवगाव रंगारीचा भारत कॉलेजात एका बाकावर बसले, एकाच वर्षी हवाई दलात गेले आणि एकाहत्तरच्या डिसेंबरात एकाच बॉम्बर विमानातून निघाले ते परत आले नाहीत. विमान भारत चालवायचा. मुख्तार नॅव्हिगेटर होता, म्हणजे नकाशा घेऊन वाट सांगणारा. सरहद्दीपलीकडची एक धावपट्टी उडवायला ते रात्री गेले होते. बॉम्ब टाकल्याचा निरोप आला, त्यानंतर काही आलं नाही. तारेत 'बेपत्ता' एवढाच शब्द होता.

मी मेहरुन्निसा. वय अठ्ठ्याहत्तर. औरंगाबादच्या गुलमंडीत आमचं कापडाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. दुकान आता दुसऱ्या भावाचा मुलगा तौफिक बघतो. मी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. हे सगळं सांगायचं कारण असं, की मी त्या दोघांच्या बाबतीत एक चूक केली होती, आणि ती किती मोठी होती हे मला गेल्या नोव्हेंबरात कळलं.

मुख्तार आणि भारत म्हणजे दोघंही दोन्ही घरांची मुलं, असंच होतं. ईदला अम्मी भारतसाठी शीरखुर्म्याचा वेगळा डबा भरायची. सुट्टीत मुख्तार त्यांच्या मेंढ्यांमागं रानात जायचा आणि अंगाला घोंगडीचा वास घेऊन घरी यायचा. भारतचं लग्न सत्तर साली झालं. त्याची बायको आवडाबाई तेव्हा वीस वर्षांची होती. मुख्तारचं ठरायचं होतं.

बहात्तरच्या मार्चमध्ये त्यांच्या तुकडीतला एक अधिकारी आम्हाला भेटायला आला. भला माणूस होता. चहा पिता पिता तो बोलून गेला, की या विमानात वैमानिकाच्या खुर्चीखाली बार भरलेला असतो. दांडी ओढली की माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो, मग छत्री उघडते.

अम्मीनं विचारलं, "और मुख्तार की कुर्सी?"

त्यानं कप खाली ठेवला. नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नसते, असं त्यानं शेवटी सांगितलं. त्याला पट्टे सोडून सरकत दारापर्यंत जावं लागतं आणि उडी मारावी लागते.

अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बुरखा घातला आणि मला घेऊन देवगावची एसटी पकडली.

भारतची आई म्हाळसाबाई ओसरीवर घोंगडीवर बसली होती. आवडाबाई दाराशी उभी होती. अम्मीला मराठी येत नव्हतं, त्यांना आमची बोली धड कळत नव्हती. मधे मी होते.

अम्मी म्हणाली, "इनको बोल, तुमारा लड़का कुर्सी लेके निकल गया. मेरे बच्चे को जलते में छोड़के."

मी ते मराठीत सांगितलं. थोडं मऊ करून सांगता आलं असतं. मी केलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. उलट मी आपल्या मनानं एक वाक्य जोडलं. म्हणाले, "तो कुठंतरी जिवंत असेल. तोंड दाखवायची लाज वाटत असेल, म्हणून येत नसेल."

म्हाळसाबाई उठली. "माझं लेकरू तसलं नाय," एवढंच म्हणाली आणि घोंगडी उचलून आत गेली.

त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं. म्हाळसाबाई गेल्याचं आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. अम्मी गेली तेव्हा आम्ही त्यांना कळवलं नाही.

आणि आता, चोपन्न वर्षांनी, पुण्याच्या एका निवृत्त विंग कमांडरचं पत्र आलं. युद्धात बेपत्ता झालेल्यांचा माग काढण्यात ते निवृत्तीनंतरचे दिवस घालवतात. इंग्रजीत चार पानं, सोबत फोटो. सरहद्दीपलीकडच्या एका गावातल्या शाळामास्तरांनी त्यांना कळवलं होतं, की त्या डिसेंबरात एक जळतं विमान गावाबाहेरच्या शेतात पडलं. मास्तर तेव्हा लहान होते. दोन माणसं होती, पण कुणाचं काय हे ओळखू येत नव्हतं. मास्तरांच्या वडिलांनी आणि आणखी तिघांनी मिळून एकच कबर खणली. कागदपत्रं फौजेनं नेली, ती कुठं गेली कळलं नाही. शेपटीचा पत्रा मात्र एका गोठ्यावर छप्पर म्हणून तसाच राहिला. त्यावरच्या आकड्यावरून विमानाची ओळख पटली.

शेवटच्या पानावर दुसरी गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी त्या शेतात विहीर खणताना वैमानिकाची खुर्ची निघाली. फोटो जाणकारांनी तपासले. खुर्चीखालचा बार उडालेला नव्हता. भारतनं दांडी ओढलीच नव्हती.

मी ते पान किती वेळा वाचलं माहीत नाही. तौफिकनं दुकानातून दोनदा जेवायला हाक मारली, मी उठले नाही.

देवगावचं एक गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. त्याच्याकडून भारतच्या धाकट्या भावाचा, बिरूचा, नंबर मिळाला. मी फोन करून नाव सांगितलं. बिरू म्हणाला, "वैनी हाय अजून. काय सांगायचं ते तुमीच येऊन सांगा. म्या मधी पडत नाय."

तौफिकनं गाडी काढली. खुलताबादचा घाट चढताना मी त्याला पत्र वाचून दाखवलं. विंग कमांडरांनी शेवटी लिहिलं होतं, की विमान त्या वेळी फार खाली असावं, वैमानिकाला वेळच मिळाला नसेल. तो मुद्दाम बसून राहिला असं खुर्चीवरून सिद्ध होत नाही.

"फुप्पी, ही ओळ सोडून द्या," तौफिक म्हणाला. "दोस्तासाठी थांबला, एवढंच सांगा. बाईंना बरं वाटेल."

"मागच्या वेळी मी एक ओळ वाढवली होती," मी म्हणाले. "आता एक कमी करू?"

बिरूच्या अंगणात मका वाळत घातला होता. कडेला शेळ्या बांधलेल्या. आवडाबाई खाटेवर बसून वाट बघत होती. मी जवळ गेले आणि तिचं कपाळ पाहिलं. रुपयाएवढं कुंकू. गळ्यात काळी पोत. म्हणजे ती अजून सवाष्णच होती. हे मी धरलंच नव्हतं.

"या, बाई," ती म्हणाली. "लई म्हाताऱ्या झाल्या तुमी."

मी बसले. पत्र उघडायच्या आधी मी तिला ते वाक्य सांगितलं. लाजेनं येत नसेल, हे अम्मी बोलली नव्हती, ते माझं होतं, असं कबूल केलं. माफी मागितली.

आवडाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"ते तुमचं व्हतं व्हय?" ती म्हणाली. "म्या तर त्याच्यावरच दिस काढले, बाई. सासूबाई रडल्या, म्या नाय रडले. म्हणलं, खुर्ची हाय म्हंजी माणूस हाय. लाजतो तर लाजू दे, कवातरी यील. माहेरच्यांनी पाट लावायचं काढलं. पावना चांगला व्हता, पलीकडच्या वाडीतला. म्या नाय म्हणलं. नवरा जिता असताना दुसरं घर कसं करायचं?"

मी पत्र हातात धरून बसले होते. तौफिक गाडीजवळच उभा होता. तो मान फिरवून शेळ्यांकडे बघायला लागला.

"वाचा," आवडाबाई म्हणाली. "लई वर्सं थांबले."

मी वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत डोळ्यांनी, मराठीत तोंडानं. विमान, शेत, एकच कबर, गोठ्यावरचा पत्रा. बिरूनं मधेच विचारलं, "गावावर पडू नये म्हणून दादानं वळवलं असंल का?" मी सांगितलं, पत्रात तसं काही नाही. मग खुर्चीचं वाचलं. मग ती शेवटची ओळही वाचली, जशीच्या तशी.

आवडाबाईनं हात पुढे केला. मी फोटो दिला. लिंबाच्या झाडाखाली मातीचा उंचवटा आणि त्याला लावलेला चुना, एवढंच दिसत होतं. तिनं तो डोळ्यांजवळ नेला.

"ती दांडी ओढायला किती येळ लागतो?"

मी पानं चाळली. विंग कमांडरांनी तेही लिहिलं होतं. "एक सेकंद. त्याहून कमी."

"मग त्याला येळ व्हता."

"आवडाबाई, पत्रात तसं लिहिलेलं नाही."

"पत्र लिवणाऱ्यानं त्याला बगितलं नव्हतं," ती म्हणाली. "म्या बगितलंय."

मी पत्राची घडी घातली. थोड्या वेळानं तिनं बिरूला पाणी आणायला सांगितलं. त्यानं तांब्या आणला. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि स्वतःच्या हातानं कपाळ धुतलं. बिरू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, अडुसष्ट वर्षांचा माणूस, खांदे हलत होते. पोतेकडे माझी नजर गेलेली तिनं पाहिली. "ही राहू द्या," म्हणाली. "ही त्यानं घातली." आणि मग ती रडली. चोपन्न वर्षांचं रडणं मोठ्यानं असेल असं मला वाटलं होतं. आवाजच नव्हता. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला नाही.

निघायच्या आधी एक गोष्ट विचारायची होती. दोन्ही घरांची संमती असेल तर अवशेष परत आणण्यासाठी अर्ज करता येईल, असं विंग कमांडरांनी लिहिलं होतं. तपासणी करून कोणाचं कोणतं हेही आता कळू शकतं.

बिरू लगेच म्हणाला, "आणू या. दादाला आपल्या रानात ठिवू."

आवडाबाईनं मान हलवली. "आन् मुख्तारभावजींना शहरात नेतील. हाडं निवडून दोघांला येगळं करायचं? नको. जिथं हायत तिथं राहू द्या." ती माझ्याकडे वळली. "का, बाई? तुमचं काय म्हणणं?"

मी म्हणाले, "माझंही तेच."

"फक्त नावं घाला तिथं. बिननावाचं नको."

मी तिथंच कागद मागून उत्तर लिहिलं. बिरूनं सही केली. आवडाबाईनंही केली, सावकाश, प्रत्येक अक्षराला थांबून. मग ती म्हणाली, "तुमच्यात काय वाचत्यात ते वाचा. दोघांसाठी वाचा." मी अंगणात बसून फातिहा वाचली. बिरूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घातली. आवडाबाईनं फोटो जमिनीवर ठेवला, त्याच्यापुढं भंडारा वाहिला आणि डोकं टेकवलं.

तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

फेब्रुवारीत मास्तरांनी नवा फोटो पाठवला. कबरीपाशी एक दगड उभा केला होता. पाथरवटाला येणाऱ्या लिपीत, म्हणजे उर्दूत, दोन नावं आणि खाली एक ओळ खोदली होती. आवडाबाईला ते वाचता येणार नव्हतं, म्हणून मी फोन केला.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

मी वाचलं. "भारत. मुख्तार. दोघे राहणार जिल्हा औरंगाबाद."

फोनवर मागं शेळ्या ओरडत होत्या.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं.