आंग आणि आंगात

कमळाने सासूच्या, रुखमाबाईच्या कानात एवढंच सांगितलं होतं, "आत्याबाई, माहं आंग येते." चौथ्या बाळंतपणाला सव्वा महिना होतो न होतो तोच तिने सरपणाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. तेव्हापासून उकिडवं बसलं की अंग बाहेर येई. रुखमाबाईचे कान अधू, असं सारं गाव समजे. तिने अंगणात जाऊन जाहीर केलं, "सुनेच्या आंगात येते! देवीनं चिखलात उतराचं नाई."

झालं, ध चा मा! ऐन धानाच्या रोवणीत कमळा पाटावर आणि पुढ्यात नारळांची रास. बाया पाया पडत, ती शरमेने अर्धी होई. खरं बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर दुखणं जात नाही. चार लेकरांचं घर आपण कसं ओढणार, या भीतीने तिला रडू येई. बायांना वाटे, देवी रडते.

आलापल्लीच्या दवाखान्यातल्या नर्स इंदुताई बाळाला पाहायला आल्या. त्यांनी बायांना बाहेर काढून कवाड लावलं.

"कोणती देवी येते वं?"

"देवी नाई बाई, आंगच येते!" कमळाचा बांध फुटला.

इंदुताई हसल्या नाहीत. त्यांनी नीट तपासलं आणि पिशवीतून रबराची गोल कडी काढली.

"गर्भाची पिशवी खाली उतरली तुही. घागर डोक्यावर कशानं ठरते?"

"चुंबळीनं."

"मंग ही आतली चुंबळ. चाकू नाई, नागपूर नाई. तीन महिन्यांनी येजो, धुऊन बसवून देतो. मोळी मात्र उचलाची नाई."

कडी बसवल्यावर कमळा उठली, बसली, खोकली. अंग जागच्या जागी! तिने इंदुताईंचे पाय धरले. माहेरच्या माणसानेही एवढं केलं नसतं, असं तिला वाटलं.

इंदुताई निघाल्यावर ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, तुमाले चुकीचं आयकू आलं होतं."

"बरोबर आयकलं होतं," रुखमाबाई हळूच म्हणाली. "आंग म्हटलं असतं तर तुले कोनं बसू देल्लं असतं? देवी म्हटलं, म्हनून बसाले भेटलं." मग पदर तोंडाशी धरून ती पुटपुटली, "माहंबी येते. वीस वर्सं झाली."

कमळाने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि रस्त्याकडे धाव घेतली.

"इंदुताई, थांबा! घरात आनखी एक देवी हाय!"