उबेची पेटी आणि वेल्डरबाईचा हात

मित्रांनो, मी एक जुनी उबेची पेटी आहे. जुनी खुशाल म्हणा, माझी हरकत नाही. मोडकी म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही.

प्रयोगशाळेतली शिकलेली माणसं मला इन्क्युबेटर म्हणतात. दवाखान्यात अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात ना, ती पेटी माझ्याच नात्यातली. पण तिच्यात एकच बाळ मावतं. माझ्या पोटात लाखो जीव नांदतात आणि त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कोणाचा संसार मोठा, ते आता तुम्हीच ठरवा.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. माझ्या भिंती दुहेरी आहेत आणि दोन्हींच्या मधे पाणी भरलेलं आहे. त्यामुळे वीज गेली तरी मी लगेच गार पडत नाही. हल्लीच्या नाजूक पेट्यांना हे जमत नाही, हे मी हेव्यानं सांगत नाही, खरं आहे म्हणून सांगते. माझं काम सोपं आहे असं लोकांना वाटतं. माणसाच्या अंगात असते तेवढीच ऊब ठेवायची. तळातल्या ट्रेमधलं पाणी वाफ देत राहतं, त्यामुळे आत ओल राहते. शेजारच्या सिलिंडरमधून नळीनं गॅस येतो, तो बेताचा ठेवायचा. थोडक्यात काय, आत ठेवलेल्या पेशींना वाटलं पाहिजे की आपण अजून माणसाच्या अंगातच आहोत. करून बघा म्हणजे कळेल. मला वाचता येत नाही, पण कोणाला किती ऊब लागते हे शिकायला शाळेत जावं लागत नाही.

तरुणपणी माझा मान फार होता. माझ्या दारापुढे माणसं रांग लावून उभी राहायची. "हिच्यात ठेवलं की मरत नाही," असं म्हणायची. मग ती माणसं पांगली, खोली बंद झाली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. डोक्यावर रिकामी खोकी रचली गेली. ज्या दारातून एके काळी रोगांवरची उत्तरं बाहेर आली, त्या दाराच्या मुठीवर कोणीतरी ओली छत्री अडकवून ठेवायचं. असो. ज्यांना कळत नाही त्यांच्यावर रागावून काय करायचं?

तिथून मला तिघांनी बाहेर काढलं. पहिली डॉक्टरीणबाई, भाजलेल्या माणसांवर उपचार करणारी. बोलायला तिखट, पण रोग्याच्या जखमेवरची पट्टी काढताना स्वतःचाच श्वास धरणारी. दुसरे रसायनवाले काका. ते असा धागा बनवायचे की जो अंगात हळूहळू विरघळून जाई. तिसरा इंजिनीअर. त्या धाग्याची पातळ जाळी विणणारं यंत्र त्यानं स्वतःच्या हातानं जोडलं होतं. त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा, जेवतानासुद्धा.

तिघांचं संशोधन ऐका. भाजलेल्या माणसाच्या अंगावरची, न भाजलेली, टिकलीएवढी कातडी घ्यायची. तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या. त्या जाळीवर पेरायच्या आणि माझ्या पोटात ठेवायच्या. मी ऊब द्यायची, पेशींनी वाढायचं, आणि तयार होईल ती माणसाची स्वतःच्याच कातडीची चकती. ती जखमेवर लावली की जाळी विरघळते, कातडी राहते. डॉक्टरकी, रसायन आणि यंत्र, तिन्ही एकत्र आल्याशिवाय हे होणारं नव्हतं. आणि मी नसते तर त्या तिघांकडूनही होणारं नव्हतं, हे राहिलंच सांगायचं.

अशात एक वेल्डरबाई आली. लोखंडी गेट आणि जिने जोडणारी. कामावर गॅसची नळी फुटली आणि तिच्या उजव्या हाताची पाठ जळाली, मनगटापासून बोटांपर्यंत. जखम भरत होती, पण भरताना कातडी आखडत होती. बोटं सरळ राहायची, मूठ वळायची नाही. वेल्डरची मूठ वळली नाही तर तो हँडल धरणार कसा? डॉक्टरीणबाईनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "एकदा ही कातडी कडक झाली की मग माझ्या हातात फार काही राहणार नाही. त्याआधी नवी लावायला हवी."

तिच्या मांडीवरची चिमूटभर कातडी घेतली. पेशी काढल्या, थोड्या बशीत घालून माझ्यात ठेवल्या, बाकीच्या छोट्या नळ्यांमध्ये भरून गोठवून ठेवल्या. सगळं सुरळीत होतं.

आणि पहिल्याच बशीला बुरशी आली. पांढरी, मऊ, कापसासारखी.

मित्रांनो, अडाणी माणसांच्या घरात असं झालं असतं तर आरडाओरडा होऊन अर्ध्या तासात मिटलं असतं. शिकलेल्यांचं भांडण फार सभ्य. कोणी कोणाला काही बोललं नाही. डॉक्टरीणबाईला वाटलं, इंजिनीअरच्या हाताला ग्रीस असतं. काकांना वाटलं, डॉक्टरीणबाई वॉर्डातून तशीच येते. इंजिनीअरला वाटलं, काका जेवून हात नीट धूत नाहीत. तोंडावर सांगणं बरं दिसत नाही म्हणून तिघंही गप्प राहिले.

त्यानंतर माझी बडदास्त एकदम वाढली. सकाळी राउंडला जाण्याआधी डॉक्टरीणबाई यायची आणि स्पिरिटच्या बोळ्यानं मला आतून पुसायची. जेवण झाल्यावर काका यायचे, त्यांच्या बाटलीतलं जंतू मारायचं उग्र द्रावण फडक्यावर घेऊन कोपरे पुसायचे. संध्याकाळी घरी जाता जाता इंजिनीअर माझ्या ट्रेमधल्या पाण्यात बुरशीचं औषध टाकायचा आणि दार घट्ट लावून जायचा. मी सुखावले. म्हटलं, उशिरा का होईना, कदर करणारी माणसं भेटली.

पण गोठवलेल्या नळीतून काढलेल्या नव्या पेशी वाढेनात.

त्यांना खायला गुलाबी पाणी घालतात. पेशी जगल्या, खाऊ लागल्या की ते पिवळसर होतं. ते आपलं गुलाबीच राहिलं, म्हणजे जेवायला कोणी उरलंच नव्हतं. दुसरी नळी काढली, तीही गेली. तिसरीही. तिघं माझ्यासमोर उभे राहून माझ्याकडे असं बघायला लागले, जसं म्हाताऱ्या माणसाकडे त्याच्यादेखत बघतात.

"वय झालंय तिचं," इंजिनीअर म्हणाला. "आतलं तापमान हलत असणार."

मी! माझं तापमान हलतं म्हणे! मला तोंड असतं तर त्याचा पाना त्याच्याच खिशात थरथरला असता.

त्यानं तपासलंही. तापमान जागच्या जागी. तरी नवी पेटी मागवली गेली. चकचकीत, काचेच्या पडद्यावर आकडे दाखवणारी, दर थोड्या वेळानं टुंई करणारी. माझा ट्रे काढून घेतला, आतून पाण्यानं धुतलं आणि दार उघडं टाकून मला भिंतीकडे ढकलून ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माझ्यापेक्षा त्या बाईच्या हाताची काळजी जास्त होती. म्हटलं, तू तरी वाढव गं बाई.

नव्या पेटीत पेशी आणखी लवकर मेल्या.

आता एकच नळी उरली. पुन्हा कातडी घेता येत नव्हती, कारण वेल्डरबाईच्या मांडीवरची जागा चिघळून तिला ताप येऊन गेला होता, आणि तिकडे हात रोज थोडा थोडा आखडत होता. डॉक्टरीणबाईनं तिला बोलावून खरं ते सांगितलं. वेल्डरबाईबरोबर तिची मोठी बहीण होती, ती लगेच डोळ्यांना पदर लावायला लागली.

"रडू नकोस गं आक्का, अजून कोणी मेलेलं नाही," वेल्डरबाई म्हणाली. मग डॉक्टरीणबाईकडे वळली. "एकच नळी आहे ना? मग घाई करू नका. माझ्याकडे वेल्डिंगचा शेवटचा रॉड उरला की मी आधी सगळं परत घासून बघते, गंज कुठे राहिलाय का ते. मगच ठिणगी पाडते. तुम्हीपण बघा एकदा."

त्या दोघी गेल्या आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं भांडण अखेर बाहेर पडलं. बरंच झालं.

"आता तरी स्पष्ट बोलू या," काका म्हणाले. "डॉक्टर, राग मानू नका, पण तुम्ही वॉर्डातून सरळ इथे येता."

"माझ्या हातांना नावं ठेवू नका, काका! तुमच्या जेवणानंतरच्या हातांचं बोलू का मी? अहो, मी रोज सकाळी पेटी आतून स्पिरिटनं पुसते, आधी जुनी, आता नवी, म्हणून ती इतकी तरी स्वच्छ आहे."

"तुम्ही पुसता?" काकांचा आवाज खाली आला. "पण मी पुसतो ना रोज. दुपारी. माझ्या द्रावणानं."

"तुम्ही कधीपासून?"

"बुरशी आली तेव्हापासून."

"मीही तेव्हापासूनच."

इंजिनीअर स्टुलावर बसला. बसला म्हणजे पडलाच.

"काय झालं रे तुला?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"मी संध्याकाळी ट्रेमध्ये बुरशीचं औषध टाकतो," तो म्हणाला. "बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जरा जास्तच. तुम्हा दोघांवर भरवसा नव्हता म्हणून."

 नवी पेटी टुंई करून गेली.

काका उठले, नव्या पेटीचं दार उघडून त्यांनी आत नाक घातलं आणि ठसका लागून मागे आले. "एकेकटं काही बाधलं नसतं," ते म्हणाले. "उडून गेलं असतं. पण उडायला आपण वेळ दिलाच नाही. एकावर एक, आणि वर दार बंद. सगळी वाफ त्या बशांमधल्या पाण्यात उतरली. रसायन माझा विषय आहे हो! आणि आपण तिघं मिळून त्या पोरीच्या कातडीला धुरी देत बसलो."

"म्हणजे भाजीत तिघांनी मीठ घातलं," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. इंजिनीअरही हसला, काकाही. इतक्या दिवसांत त्या खोलीत कोणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांची जाळी चुकली नव्हती, धागा चुकला नव्हता, पेशी चांगल्या होत्या. आणि हे कोणी मोठ्यानं म्हणालं नाही तरी मी म्हणते, माझंही काही चुकलं नव्हतं.

आता पेशी ठेवायच्या कुठे? नव्या पेटीच्या रबरात वास मुरला होता, तो जाईना. मी मात्र इतके दिवस दार उघडं टाकून उभी होते, माझ्या अंगाला वाऱ्याशिवाय कशाचाही वास नव्हता. इंजिनीअरनं मला भिंतीपासून ओढून काढलं, ट्रेमध्ये स्वच्छ पाणी भरलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चला आजी, कामाला लागा." चला म्हणे! मी कामाला तयार नव्हते कधी?

पण यावेळी त्यांनी उतावीळपणा केला नाही. आधी दुसऱ्याच साध्या पेशींची बशी ठेवून पाहिली. पाणी पिवळं झालं. मग भिंतीवर एक खिळा ठोकला आणि त्यावर एकच फडकं अडकवलं. एका आठवड्याला एकानं पुसायचं, दार उघडं ठेवून सुकू द्यायचं, आणि बाकीच्या दोघांनी हात मागे बांधून उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात काकांचे हात फार शिवशिवले. डॉक्टरीणबाईनं नुसती मान वर करून बघितलं, ते पुढे सरकले नाहीत.

मग शेवटची नळी आली.

मित्रांनो, मी आयुष्यभर ऊब दिली, पण तेव्हा दिली तशी कधी दिली नसेल. सकाळी दार उघडलं की तिघांची डोकी एकदम आत यायची, एकमेकांवर आपटायची. एका सकाळी डॉक्टरीणबाईनं बशी उजेडाकडे धरली आणि हळूच म्हणाली, "जेवतायत."

पाणी पिवळं झालं होतं. पुढे जाळीवर पातळ, दुधाच्या सायीसारखा थर धरला. मग तो थर दाट झाला. ज्या दिवशी ती चकती ऑपरेशनला गेली त्या दिवशी माझं पोट रिकामं झालं, पण इतकं हलकं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

कातडीनं हातावर जीव धरला. सुरुवातीला तिचा रंग वेगळा दिसायचा, मग मिळून आला. व्यायाम करताना वेल्डरबाईनं दवाखाना शिव्यांनी भरून टाकला, असं डॉक्टरीणबाई कौतुकानं सांगायची.

एक दिवस ती स्वतः प्रयोगशाळेत आली. आक्का बरोबर होतीच. "कुठे आहे माझ्या कातडीचं माहेर?" तिनं दारातूनच विचारलं. इंजिनीअरनं बोट दाखवलं, तर ती नव्या चकचकीत पेटीकडे वळली.

"ती नव्हे," तो म्हणाला, "ही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझे पोचे पाहिले, उडालेला रंग पाहिला, पत्र्याचे सांधे बोटानं चाचपले. "जोड पक्के आहेत," ती म्हणाली. तिच्याकडून ही पावती लहान नव्हे. मग तिनं उजवा हात पुढे केला आणि माझ्या दाराची मूठ धरली. चारही बोटं वळली, अंगठा त्यांच्यावर आला.

"अगं, उघडू नकोस!" डॉक्टरीणबाई ओरडली. "आत दुसऱ्याची कातडी आहे!"

"उघडत नाही हो डॉक्टरबाई. नुसती धरून बघतेय."

बराच वेळ तिनं ती मूठ सोडली नाही. मीही काही घाई केली नाही.

मित्रांनो, आता माझं एक ऐका. मी शिकलेली नाही, पण माझ्यापुढे पुष्कळ शिकलेले उभे राहून गेले आहेत. जुन्या वस्तूंवर खोकी रचू नका, त्यांना पुसा, जपा. आणि पुसायला निघालात की आधी शेजारच्याला विचारा, "आज कोणी पुसलंय का?" तेवढं विचारायची लाज धरू नका. ती लाज एका बाईच्या हातावर बेतली होती.