वायरमनची बिनतारी सुट्टी

वायरमन निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात मुलीने आणि जावयाने त्याला बायकोसकट समुद्रावर पाठवून दिलं. पाच दिवस, खिडकीतून पाणी दिसणारी खोली, सकाळचा नाश्ता धरून.

चौतीस वर्षं त्याने कागद कारखान्यात विजेचं काम केलं होतं. त्या चौतीस वर्षांत सुट्टीचा बेत ठरला, की कुठली ना कुठली मोटार नेमकी तेव्हाच जळायची. लग्नानंतरचा पहिला प्रवास तर ट्रान्सफॉर्मरने खाल्ला. बायको भरलेली बॅग घेऊन दारात उभी, आणि हा कारखान्यात कोपरापर्यंत तेलात. तेव्हापासून बायकोच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, या माणसाच्या सुट्टीवरचा विश्वास साफ उडाला होता. याही वेळी तिने बजावून ठेवलं होतं, की शुक्रवारी बरोबर चारला व्हिडिओ कॉल करा. तुझ्या नवऱ्याच्या पाठीमागे पाणी दिसलं तरच मी मानेन. आणि ती एकटी बघणार नव्हती. शेजारच्या पाचजणींना तिने चहाला बोलावलं होतं.

व्हिडिओ दिसेल असा फोन मात्र दोघांत एकच, बायकोचा. वायरमनचा फोन बटणांचा होता, त्यात आवाज यायचा तोच खूप झाला.

शुक्रवारी सकाळी बायको पाण्यात शिरली ती फोन हातात धरूनच. तिला लाटेचा फोटो समोरून हवा होता. लाटेने तो दिला, पण कंबरेपर्यंत येऊन दिला. फोन वाचला. खोलीवर येऊन चार्जिंगची वायर जोडली, तेव्हा पडद्यावर पाण्याचा थेंब उमटला आणि खाली लिहून आलं, की भोकात ओल आहे, वायर काढा. बॅटरी होती नऊ टक्के.

वायरमनने फोन उन्हाकडे धरून भोकात डोकावून पाहिलं. झटकला, फुंकला, पंख्याखाली धरला. पुन्हा वायर लावली, पुन्हा तोच थेंब. काउंटरवरच्या मॅनेजरबाईंनी सांगितलं, की संध्याकाळपर्यंत वाळू द्या, घाई केलीत तर जळेल. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला, पण उपयोग नव्हता. ताई अनोळखी नंबर उचलत नसे, आधी कळवलं तरी. तिच्या मते असल्या नंबरांमागे फक्त कर्ज विकणारे असतात.

"जावईबापूंनी ते एक दिलं होतं ना," बायको म्हणाली, "बिनवायरचं."

जावयाने दिलं होतं खरं. पांढरी गोल चकती, बशीएवढी. दोन दिवस वायरमन तिच्यावर चहाचा कप ठेवत होता.

तारेशिवाय वीज जाते असं कुणी म्हटलं, की वायरमनला ते वैयक्तिक लागायचं. उभं आयुष्य त्याने तारा ओढण्यात घालवलं होतं. त्याने चकतीवरचा चहाचा डाग पुसला, ती उलटी केली आणि विजयी मुद्रेने तिची शेपटी वर धरली. नाव बिनतारी आणि मागे ही हातभर वायर, असं त्याने बायकोला दोनदा ऐकवलं. बायको म्हणाली, की ती भिंतीत जाते. फोनला तर लागत नाही ना? त्याने शेपटी भिंतीतल्या प्लगला जोडली आणि फोन चकतीवर ठेवला.

काही झालं नाही. चकतीच्या कडेचा दिवा दोन-चारदा लुकलुकला आणि गप्प बसला. वायरमनच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते लपवायचा त्याने फारसा प्रयत्न केला नाही. पण दुसऱ्याच मिनिटाला त्याला कसंतरी वाटायला लागलं. एखादी वस्तू चालत नाही म्हटल्यावर ती तशीच टाकून उठणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने प्लग बदलला. बाथरूमजवळच्या प्लगवर लावून पाहिलं. दिवा लुकलुकत होता, म्हणजे वीज चकतीपर्यंत येत होती. पुढे अडत होती. कुठे?

फोन आणि चकती यांच्यामध्ये एकच गोष्ट होती, आणि ती बोलून दाखवायची म्हणजे धाडस होतं. बायको शिवणाचे वर्ग चालवायची. फोनचं कव्हर तिने स्वतः शिवलं होतं: आत कापसाचा थर, वर आडव्यातिडव्या टाक्यांची नक्षी, मध्यभागी टपोरं पितळी बटण. या कव्हरवरून तिच्या वर्गात सात कव्हरं शिवली गेली होती.

"कव्हर फारच सुंदर आहे," वायरमन म्हणाला.

"मुद्द्यावर या."

"जाड आहे गं थोडं. आणि ते बटण."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग कव्हराकडे पाहिलं, आणि फोन सोलून काढला. नागडा फोन चकतीवर टेकला मात्र, पडद्यावर हिरवी बॅटरी उगवली. आठाचे नऊ झाले.

वायरमन पलंगाच्या कडेवर बसला. त्याने फोन उचलला, हिरवी बॅटरी गेली. ठेवला, आली. मध्ये वहीचा कागद सरकवला, तरी आली. दोन कागद, चार कागद. पाचव्यांदा फोन उचलताना तो एकदम उठून उभा राहिला आणि हसायला लागला. असा हसला की बायकोला वाटलं, याला शॉक बसला.

"अगं, हा तर ट्रान्सफॉर्मर आहे. मधोमध कापलेला. अर्धा या बशीत, अर्धा फोनमध्ये."

चौतीस वर्षं त्याने ट्रान्सफॉर्मर उघडले होते. एका बाजूला तारेच्या वेढ्यांची एक कॉईल, दुसऱ्या बाजूला दुसरी, दोघींमध्ये एकही तार नाही, आणि तरी इकडची वीज तिकडे. रोजच पाहायचा. पाहून पाहून त्यात नवल वाटायचंच राहून गेलं होतं. ते चौतीस वर्षांचं सगळं नवल आता एका झटक्यात, व्याजासकट, अंगावर आलं. त्याने बायकोला दोन्ही हातांनी धरून खोलीभर एक गिरकी घेतली. बायकोचा पाय चपलेत अडकला, दोघं खुर्चीवर आदळले, आणि खुर्चीची उशी निघून खाली पडली.

इथे थांबला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण फोन बारा टक्क्यांवर आला तसे दोघं त्याला चकतीवर ठेवून जेवायला गेले, आणि जेवणघरात वायरमन सुटला. आधी वाढणाऱ्याला सांगितलं. मग दोन ताटल्या एकमेकींवर धरून मॅनेजरबाईंना दाखवलं. आचारी आतून काय गोंधळ आहे ते बघायला आला, तर त्यालाही धरून बसवलं. आचाऱ्याने खरोखर चांगला प्रश्न विचारला, की मग मधे हात घातला तर शॉक का बसत नाही? त्या आनंदात आणखी पाऊण तास गेला. बायको तीनदा उठली, तीनदा बसली. तिलाही मजा वाटत होती. इतकी वर्षं जेवताना चार वाक्यं बोलणारा हा माणूस ताटल्या नाचवत होता.

खोलीत परतले तेव्हा तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. फोन चकतीच्या कडेला अर्धा लोंबकळत होता. बॅटरी पाच टक्के, आणि पडद्यावर ताईचे एकवीस निरोप. निघालात का, पाणी दिसतंय का, बायका आल्या, चहा टाकला, बोला काहीतरी. प्रत्येक निरोपासरशी फोन थरथरला होता आणि दर थरथरीला केसभर सरकत गेला होता. ताईने इतक्या लांबून त्याला चकतीवरून ढकलून दिलं होतं.

वायरमनचं तोंड पडलं. त्याने फोन मध्यावर ठेवला, पण मध्य कुठला ते अंदाजानेच. दिवा लागे, विझे. त्याने घाईघाईने समजावलं, की बशीतली कॉईल आणि फोनमधली कॉईल एकीवर एक नेमकी बसली पाहिजे.

"म्हणजे वरची बॉबिन खालच्या बॉबिनीवर," बायको म्हणाली. "मग इतका वेळ ताटल्या कशाला नाचवत होता?"

तिने पर्समधून शिवणाचा खडू काढला. फोन केसाकेसाने सरकवत हिरवी बॅटरी स्थिर झाली ती जागा पकडली आणि फोनच्या पाठीवर, चकतीचा मध्य येई तिथे, एक फुली मारली. वायरमन ती फुली बघतच राहिला. इतकं साधं काम त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

पावणेचारला सात टक्के. व्हिडिओ कॉल म्हणजे बॅटरीचा राक्षस, सात टक्के तो दोन मिनिटांत गिळणार. त्याच वेळी शेजारच्या खोलीतल्या तिघी नर्स होडीतून भिजून परत आल्या. तिघी एकाच रुग्णालयात कामाला, एकाच आठवड्याची सुट्टी मिळवून आलेल्या, आणि आल्यापासून कशालाही हसत होत्या. वायरमनला दारात चकती घेऊन उभा बघून हसल्या, एकवीस निरोपांची हकिगत ऐकून भिंतीला टेकून हसल्या. मग त्यातली उंच नर्स आत गेली आणि साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा घेऊन आली. त्यात बॅटरी भरलेली होती, आणि तो पाठीला लावला की तशीच वीज देई, वायर नको, भिंत नको. तिच्या फोनला तो लोहचुंबकाने चिकटायचा. बायकोच्या फोनला चिकटेना.

"धरा हे," बायको म्हणाली. फुलीवर ठोकळा टेकवला, पर्समधून इलॅस्टिक काढून फोन आणि ठोकळा यांना दोन वेढे दिले, सुईचे चार टाके घातले, दोरा दातांनी तोडला. हिरवी बॅटरी उगवली. तिघी नर्सनी टाळ्या वाजवल्या. असे टाके आमच्या डॉक्टरांना जमत नाहीत, असं बुटकी नर्स म्हणाली.

तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी पाचजणं जिन्यावरून धावत सुटली. उन्हात फोन तापला की चार्जिंग थांबतं, हे वायरमनला एव्हाना हाताला लागलेल्या उष्णतेवरून कळलं होतं. त्याने काउंटरवरची मोठी छत्री न विचारता उचलली. मॅनेजरबाई काय झालं म्हणून मागे धावल्या. वाळू तापलेली होती, सगळे टुणटुण उड्या मारत पाण्यापर्यंत पोचले. उंच नर्सने फोन धरला, तिसरीने तिच्यावर छत्री, आणि चाराच्या ठोक्याला ताईचा चेहरा पडद्यावर आला. तिच्यामागे पाच बायका, हातात कप.

ताईने चष्मा सारखा केला. वायरमन पाण्याला पाठ करून, शाळेच्या फोटोत उभं राहतात तसा ताठ उभा होता.

"पडदा आहे तो," ताई म्हणाली. "फोटो स्टुडिओत मिळतो असला."

बायकोने पाणी उडवून दाखवलं. ताई म्हणाली, बादलीतलं आहे. कपवाल्या बायका माना डोलवू लागल्या. मग ताईने फर्मान काढलं, की खरा समुद्र असेल तर त्याला त्यात बसवा.

वायरमनने पँटकडे पाहिलं. मुलीने खास प्रवासासाठी घेतलेली, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. मग तो तसाच मागे मागे चालत गुडघाभर पाण्यात गेला आणि बसला. बसून हात वर करून काही सांगणार, तोच मागून लाट आली. क्षणभर नुसती चप्पल दिसत होती. मग हात, मग डोकं, मग तोंडातून कारंजं. तो उठायला गेला आणि दुसऱ्या लाटेने त्याला लोळवत किनाऱ्याकडे आणलं, थेट बायकोच्या पायांवर. तीही पडली. दोघांनाही उठता येईना, कारण दोघंही हसत होते.

फोनमधून जो आवाज येत होता तो ताईचा आहे हे आधी कुणाला कळलंच नाही. ती टेबलावर डोकं ठेवून हसत होती, आणि एक शेजारीण तिच्या पाठीवर हात फिरवत होती. डोळे पुसून तिने वर पाहिलं.

"मानलं," ती म्हणाली. "आता जरा तो फोन फिरवा. मला नुसतं पाणी बघू द्या."

उंच नर्सने फोन हळूहळू फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पलीकडच्या सहाही बायका पडद्याकडे वाकल्या. ताईने समुद्र कधीच पाहिला नव्हता. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तिच्या धाकट्या बहिणीलासुद्धा. वायरमन ओल्या कपड्यांनी जवळ आला, फोनमध्ये वाकला. त्याच्या नाकावरून पाणी टपकत होतं.

"ताई, इथे आमच्या खोलीत तिसरी खाट बसते," तो म्हणाला. "उद्या सकाळची बस पकडा."

ताई म्हणाली, की असं कसं येणार, घर आहे, कुंड्या आहेत, दूधवाला आहे. मागच्या एका बाईने कप खाली ठेवून कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली मागितली. दुसरीने दूधवाला घेतला. ताईने वही पुढ्यात ओढली. मग तिने विचारलं, की पाण्यात जायला कुठले कपडे आणू?

बायको कपडे सांगत राहिली, ताई मोठ्याने म्हणत लिहून घेत राहिली. वायरमनला वाट पाहवेना. त्याने मॅनेजरबाईंना तिसऱ्या खाटेचं सांगितलं, त्यांची छत्री वाळूत खोचून दिली, आणि तिघी नर्सच्या मागोमाग, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचीही तसदी न घेता, पुन्हा पाण्यात धावत गेला.