सात मिनिटांचा समुद्र

फक्रुद्दीन जमादारने पंचगंगेतून शेवटचा माणूस काढला तेव्हा तो स्वतः एकसष्ट वर्षांचा होता. त्यानंतर कानाच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं आणि पाण्यात उतरणं बंद झालं.

चाळीस वर्षं त्याने ते काम केलं. नदीत, विहिरीत, दगडाच्या खाणीत कुणी बुडालं की ठाण्यातून फोन यायचा. कमरेला दोर बांधून तो उतरायचा. कुणी हौसेने दिलेला पाण्यातला चष्मा घरी पडून होता, कारण गढूळ पाण्यात त्याचा काही उपयोग नव्हता. दोन-तीनदा सत्कार झाले. शाली कपाटात राहिल्या. किती जणांना काढलं ते लोक सांगायचे, त्याला स्वतःला आठवत नव्हतं.

काढलेला तो शेवटचा माणूस म्हणजे राजवीर. घाटाच्या कोपऱ्यावर चहाचा गाडा लावणाऱ्या प्रभुलिंगचा एकुलता एक, वय वीस. फक्रुद्दीनने त्याला त्या गाड्याखाली रांगताना पाहिलं होतं. बंधाऱ्याच्या खालच्या दगडांत त्याचा पाय अडकला होता. फक्रुद्दीनने पाय सोडवला, काखेत हात घातले, वर आणलं. काठावर प्रभुलिंग पायऱ्यांवर आडवा पडला. त्याला चौघांनी धरलं. फक्रुद्दीन बाजूला उभा राहून टॉवेलने अंग पुसत होता आणि वाट बघत होता. आता आपल्याला काहीतरी वाटेल, असं त्याला वाटत होतं. दुपार झाली, रात्र झाली, सकाळ झाली. काही वाटलं नाही.

मग ते पसरत गेलं. थोरला भाऊ गेला, त्याने मातीला हात लावला, परत आला. नातीचा वाढदिवस झाला, तो टाळ्या वाजवत उभा राहिला. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, दाबला तरी दुसऱ्याचा दाबल्यासारखा वाटतो, तसं त्याला सगळीकडेच व्हायला लागलं. दुखत नव्हतं. म्हणून कुणाला सांगायचं काय, हेही कळत नव्हतं.

दोन वर्षं अशी गेल्यावर एका मे महिन्यात नात जोया हट्टाला पेटली. हायवेवर नवं पार्क झालं होतं. तिचा बाप वसीम मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून सुटत नव्हता, म्हणून आठ वर्षांच्या पोरीला घेऊन फक्रुद्दीनच गेला. घसरगुंड्या झाल्या, पाळणे झाले. मग जोयाने त्याला ओढत एका निळ्या इमारतीपाशी नेलं. वर लिहिलं होतं, सागरतळ.

"दादाजी, ह्यात समुद्राच्या खाली नेतात."

"कोल्हापुरात कुठला समुद्र?"

"खोटा हो. चला की!"

आत दोन माणसं बसतील अशा गोल गाड्या रुळावरून सावकाश सरकत होत्या. बाहेर उन्हाने डांबर चिकट झालं होतं, आत पाऊल टाकताच थंड हवा अंगावर आली. गाडी एका काळ्या बोगद्यात शिरली. दोन्ही भिंतींवर उजेडाचे बुडबुडे खालून वर जायला लागले आणि गाडी सपाट जागीच असूनही आपण खाली खाली चाललोय असं वाटायला लागलं. जोयाने श्वास रोखून धरला. फक्रुद्दीननेही धरला, पण त्याची ती सवयच होती.

मग अंधार उघडला. सगळीकडे निळं. जांभळी, पिवळी पोवळी आपल्याच उजेडाने पेटल्यासारखी. बारीक तारांना टांगलेल्या माशांचा एक थवा डोक्यावरून वळला. एक कासव पाय हलवत बाजूने गेलं. कलंडलेलं जहाज, त्याच्या खिडकीतून डोकावणारा ईल मासा, आठ हातांचा अष्टपाद, दगडावर बसलेली मासोळीच्या शेपटीची बाई. घाई कशालाच नव्हती. पाणी कुठेच नव्हतं, तरी सगळं पाण्यात हलतं तसं हलत होतं.

"दादाजी, हात आत घ्या. आपटेल."

त्याने पाहिलं. त्याचा उजवा हात गाडीबाहेर गेला होता, बोटं पसरलेली, अंधारात चाचपडत. आपण हात कधी काढला ते त्याला कळलं नव्हतं. त्याने तो मांडीवर ठेवला. सात मिनिटांनी गाडी उजेडात आली. डोळे चोळत जोया म्हणाली, "भिजल्यासारखं वाटतंय, पण कोरडेच आहोत."

पुढच्या बुधवारी तो एकटाच बसने पार्कात आला. त्याच्या पुढच्या बुधवारीही. पाळण्यांकडे बघायचा नाही, सरळ निळ्या इमारतीत. एकदा, दोनदा, कधी तीनदा बसायचा.

तिथे गाड्या सोडायचं काम शिवलीलाकडे होतं. तिशीची, गडहिंग्लजकडची, बोलायला सडेतोड. तिच्यासमोर पडदा होता आणि आतल्या कॅमेऱ्यांत अंधारातलं सगळं तिला दिसायचं. जोडपी काय करतात, पोरं कुठे रडतात, कोण मोबाईल काढतो. हा म्हातारा मात्र ताठ बसून मान वळवून वळवून एकेक वस्तू बघायचा, परीक्षा असल्यासारखा.

चौथ्या बुधवारी तिने विचारलंच. "चाचा, काय बघतासा ओ एवढं? ह्यातलं सगळं फायबरचं हाय."

"म्हायती हाय की."

"मग?"

त्याने वळून पाहिलं. मागे गर्दी नव्हती. "मी चाळीस वर्सं पाण्याखाली जात हुतो," तो म्हणाला. "बुडल्याली माणसं काढायचो. तीन फुटाखाली आपला हात आपल्याला दिसत न्हाय. गाळ नुसता. डोळं मिटूनच जायचं."

"मग गावायचं कसं माणूस?"

"हातानं."

शिवलीलाने पडद्याकडे पाहिलं.

"हितं सगळं दिसतं," तो म्हणाला. "आन् कुणाला हुडकायचं न्हाय. नुस्तं बसायचं."

त्या दिवशी फेरी संपून गाडी फलाटाला लागली तेव्हा शिवलीलाने त्याला उतरायला सांगितलं नाही. हाताने खूण केली, बसा. गाडी पुन्हा आत गेली.

वसीमला हे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. रात्री जेवताना त्याने विषय काढला. "अब्बा, तुमी लहान पोरांच्या खेळात जाऊन बसतासा म्हणं. दर आठवड्याला. लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणत्यात?"

"डोक्यावर परिणाम झालाय म्हणत्यात."

फक्रुद्दीनने भाकरी मोडली. त्याला राग आला नाही. यायला हवा होता, एवढं कळलं.

त्याची बायको हाफिजा तव्यापाशी होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. तो पाण्यातून आला की ती न बोलता अंघोळीचं पाणी काढायची, त्याचे कपडे वेगळे धुवायची आणि कधीच काही विचारायची नाही. आता ती वळून म्हणाली, "बुधवारी मलाबी न्या."

तिचे गुडघे दुखत होते. गाडीत चढताना शिवलीलाने तिला दंडाला धरून बसवलं, वरून लोखंडी दांडी पाडली. "घाबरू नका, चाची. काय वाटलं तर हात वर करा, मला दिसतंय."

बोगद्यात बुडबुडे वर जायला लागले तेव्हा हाफिजाने नवऱ्याचं मनगट पकडलं. निळा उजेड आल्यावर सोडलं. मासे वळले तशी तिची मान वळली. कासवाला पाहून ती हसली. लहान पोरीसारखी तोंड उघडं टाकून बघत होती. मासोळीच्या शेपटीची बाई मागे गेली आणि ती हळूच म्हणाली, "खाली असं असतं व्हय?"

"न्हाय," तो म्हणाला.

तेवढ्यात गाडी थांबली. धक्का असा नाही, सरकता सरकता राहिली. संगीत बंद पडलं. मग छतावरचे पांढरे दिवे एकदम लागले आणि स्पीकरवर शिवलीलाचा आवाज आला. "पावणं, राईड अडकल्या. भ्यायचं काय न्हाय. कुणी उतरू नका. पाच-दहा मिनटात चालू करतोय."

समुद्र गेला. काळ्या रंगाच्या प्लायवूडच्या भिंती उरल्या, त्यावर ओलीचे डाग. माशांच्या पाठींवर धूळ होती. पोवळं म्हणजे फोमचे तुकडे. जहाजाच्या मागे एक खराटा, एक बादली आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. पुढच्या गाडीतलं पोर रडायला लागलं, त्याची आई त्याला समजावत होती.

हाफिजाने सगळीकडे नजर फिरवली. मग तिने विचारलं, "मग कसं असतं?"

तिने त्याला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. तो दांडीवर हात ठेवून बसला आणि सांगायला लागला. आवाज चढा नव्हता, पडेल नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं. की वर पाणी कोमट असतं आणि पुरुषभर खाली गेलं की एका रेषेनंतर एकदम गार लागतं. की कानात आधी शिट्टी वाजते. की झाडाची फांदी आणि माणसाचा हात यात पहिल्यांदा फरक कळत नाही, कापड लागलं की कळतो. की केस लागले तर ते शेवाळासारखे हाताला गुंडाळतात. की पोरं हलकी असतात. की सगळ्यात आधी आपण तोंडावरून हात फिरवायचो, ओळखीचं आहे का बघायला, आणि मग तसं करणं सोडलं.

हाफिजा ऐकत होती. मधे तिने "या अल्ला" म्हटलं नाही, डोळे पुसले नाहीत.

"राजवीरला काढला," तो म्हणाला, "त्या दिवसापासनं मला काय वाटंनाच झालंय. भाऊ गेला तवाबी न्हाय. म्या कुणाला सांगितलं न्हाय."

"मला म्हायती हाय."

"कसं?"

"त्या दिवशी तुमी घरी आलासा, दोन भाकऱ्या जादा खाल्ल्यासा आन् म्हणालासा, कालवण चांगलं झालंय. त्या आदी कुणाला काढून आलासा की तुमी दोन दिस जेवत नव्हता." ती थांबली. "मी त्या रात्री लई रडले. तुमच्यासाठनं."

 त्याला हे माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत झोपून त्याला ऐकू आलं नव्हतं, कानामुळे असेल.

"मग बोललीस का न्हाईस?"

"बोलून काय केलं असतं? तुमचं रडं सपून गेलंय, असं समजले मी. चाळीस वर्सांचं." तिने पदर सारखा केला. "आता अजून सांगायचं ऱ्हायलंय काय?"

"लई हाय."

"सांगा मग."

पांढऱ्या उजेडात तो आणखी दोघा-तिघांचं बोलला. मग दिवे गेले, निळं परत आलं, गाडी सरकली. बाहेर शिवलीला दारातच उभी होती. "चाची, सॉरी हां. परत एक फेरी मारा, सुरवातीपासनं."

"नको गं बाई. गुडघं धरल्यात." मग हाफिजाने तिच्या गालावरून हात फिरवला. "गार वाटलं लई. चांगलं केलंय तुमी."

बसस्टॉपवर तास गेला. बस येईपर्यंत तो बोलत होता, मधेच ती झोपली, जागी झाली, म्हणाली, "हां, मग?"

त्यानंतर तो सागरतळला दर बुधवारी गेला नाही. महिन्यातून एखाद्या वेळी, जोयाला घेऊन. मासे अजून त्याला आवडत होते.

सप्टेंबरात सकाळी नऊच्या सुमारास अझीमचा फोन आला. अझीम आता त्याच्या जागी उतरायचा, तिशीचा, चांगला पट्टीचा गडी. पुलाच्या तिसऱ्या खांबापुढे पाणी वस्तू कुठे टाकतं, हे विचारायला तो फोन करायचा, आणि फक्रुद्दीन घरूनच सांगायचा. त्या दिवशी सांगून झाल्यावर त्याने चप्पल घातली आणि घाटावर गेला.

घाटावर नेहमीसारखी गर्दी होती. पाण्याकडे तोंड करून माणसं उभी होती, काहींचे मोबाईल वर होते. पायऱ्यांवर एक बाई एकटीच बसली होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं. चाळीस वर्षं अशी माणसं त्या पायऱ्यांवर बसलेली असायची, पण त्याची कायम त्यांच्याकडे पाठ असायची. तो जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसला.

अझीम दोनदा वर येऊन परत खाली गेला. मग ती म्हणाली, "पावणं, तुमी पोलीस काय?"

"न्हाय. मी आदी उतरत हुतो."

तिचं नाव अंबूबाई. आजऱ्याकडची. नवरा दवाखान्यात दाखवायला आणला होता, पहाटे पाय धुवायला म्हणून उतरला.

"पाणी गार असंल," ती म्हणाली.

"असतं."

"त्यास्नी भ्या वाटलं असंल."

 फक्रुद्दीनने उठून पाण्याची बाटली आणली, झाकण काढून तिच्या हातात दिली. तिने ती धरून ठेवली.

साडेअकराला अझीमने पाण्यातून हात वर केला. गर्दी पुढे सरकली. अंबूबाईला उठता येईना, तेव्हा फक्रुद्दीनने तिला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. ओळख पटवताना तो शेजारी उभा राहिला. तिच्या भावाचा नंबर तिला आठवेना, तो तिच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर होता, त्याने आपल्या फोनवरून लावला. भाऊ आजऱ्याहून येईपर्यंत तो तिथेच थांबला.

घरी पोचायला तीन वाजले. हाफिजा मेथी निवडत होती. त्याने पाय धुतले, तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं, बाटलीपासून भावापर्यंत.

"आन् तुमास्नी काय वाटलं?" तिने विचारलं.

त्याने खरंच आठवून पाहिलं. "काय न्हाय," तो म्हणाला. "पर बसलो हुतो."

"बसला हुतासा न्हवं," ती म्हणाली. मेथीची जुडी बाजूला ठेवून ती त्याचं ताट वाढायला उठली.